एका दिवसाची गैरहजेरी

एप्रिल लागला की भंवरकुआंचा आवाज खाली उतरतो. एरवी कोचिंगच्या मुलांनी गजबजलेल्या या रस्त्यावर पोह्यांच्या ठेल्यापाशीसुद्धा कोणी मोठ्यानं बोलत नाही. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात नोट्स, आणि ओठ हलवत खाणं. दुपारी भाजणारी लू सुटते. खिडक्यांना ओले टॉवेल लागतात, ते तासाभरात पापडासारखे कडक होतात. मी शाळेत शिकवते. परीक्षेचा मोसम मला पोळी लाटण्याइतका सवयीचा असायला हवा. पण दादाला जाऊन तीन महिने झालेत, आणि त्याच्यानंतरचा हा पहिला एप्रिल आहे.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी मागच्या आठवड्यात जिन्यात थांबली. म्हणाली, "आंटी, तुमचे भाई गेम लिहायचे ना? मतलब, कहानीवाले?" मी हो म्हटलं. तिनं फोन पुढे केला. तिच्या खेळाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरांत नावं सरकत होती, त्यात एक मिलिंद होता. मी गॅस बंद करायचा राहिलाय असं सांगून आत गेले. गॅस लावलेलाच नव्हता.

दादा काय करायचा, हे आमच्या नात्यात कोणाला नीट कळलं नाही. टीव्हीसाठी लिहितो, इथवर समजायचं. पण खेळ लिहितो म्हणजे काय? भेटायला आलेल्या मावशीनं अगदी मनापासून विचारलं की कॅरममध्ये लिहिण्यासारखं काय असतं गं. मग मी सांगते, म्हणजे सांगायचा प्रयत्न करते. भूमिकांचा खेळ असतो. प्रत्येकाला एक कागद मिळतो: तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, कशाची भीती वाटते. एक जण खेळ चालवतो. तो समोर काय आहे ते सांगतो आणि विचारतो, आता तुम्ही काय करता? खेळणाऱ्याच्या वतीनं त्यानं काहीही करायचं नाही. बोलून सुटत नाही ते फाशाच्या आकड्यावर सोडायचं. दादानं आयुष्यभर हा एकच प्रश्न निरनिराळ्या लोकांना विचारला. खऱ्या माणसांना विचारला, मग कागदावरच्या माणसांना.

त्याची सुरुवात ज्या उन्हाळ्यात झाली, तो उन्हाळा मला हल्ली रोज आठवतो.

मिल बंद होऊन सहा महिने झाले होते. वर्तमानपत्रात रोज काहीतरी खुलं झाल्याची बातमी असे. आमच्या गल्लीसमोर एक फाटक बंद होतं. लहानपणापासून नाकात बसलेला खळीचा आंबूस वास हळूहळू गेला आणि तो गेल्यावर कळलं की हवेला स्वतःचा वासच नसतो. कडुनिंब मोहरले होते. त्या वर्षी पहिल्यांदा मला त्यांचा वास आला.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात होते. टाइमकीपर. आजोबा महूच्या छावणीतले शिपाई. त्यांच्याकडून बाबांना दोन गोष्टी आल्या होत्या, इस्त्रीचा शर्ट आणि वेळ. मिल बंद झाली तेव्हा हजेरीची रजिस्टरं आत अडकली. बाबांनी बाजारातून लांब वही आणली, पट्टीनं रकाने आखले, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता बंद फाटकासमोर जाऊन उभे राहिले. कामगार येत, नाव सांगत, बाबा खूण करत. शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं. कोर्टात उद्या कोणी विचारलं, तुम्ही कामावर होता का, तर दाखवायला वही हवी, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मिल बंद नाही, आपल्याला बाहेर ठेवलंय, एवढाच फरक. सुरुवातीला दोनशे जण येत. एप्रिलपर्यंत तीस-पस्तीस उरले. लोक कमी झाले, पण बाबा दिवसभर तिथेच थांबू लागले. कोणी उशिरा आला तर? पाळी तीन वाजता सुटते, म्हणून तीन वाजेपर्यंत. फाटकासमोर झाड नव्हतं.

एक दिवस त्यांना दोघांनी उचलून घरी आणलं. लू लागली होती. आईनं कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. डॉक्टर म्हणाले, या खेपेला उठलात, पुढच्या खेपेचं मी सांगू शकत नाही. उन्हात जायचं नाही, बस. चौथ्या दिवशी बाबा शर्ट चढवत होते. आईनं त्यांच्या खिशात दोन पेनांशेजारी, लू लागू नये म्हणून, कांदा ठेवला आणि आत गेली. मी विनवलं. दादानं वाद घातला. बाबा शांतपणे म्हणाले, "हजेरी माझ्याकडे आहे. मीच गैरहजर राहू?"

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सकाळी सात ते दुपारी तीन कोणी पूर्ण श्वास घेतला नाही. गल्लीत पावलं वाजली की आई दाराकडे बघायची. पावलं दोन माणसांची आहेत की तीन, हे ती आवाजावरून मोजायची. दोघं चालत असतील आणि मधला ओढला जात असेल तर तिसऱ्या पावलांचा आवाज वेगळा येतो.

दादा तेव्हा तेवीसचा. बँकेच्या परीक्षेची तयारी करत होता, म्हणजे तसं सगळे म्हणत होते. महूच्या एका भंगारवाल्याकडे त्याला रद्दीत, कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, त्यात या खेळाचे नियम होते. त्या खेळाला लागणारे वीस बाजूंचे फासे आपल्याकडे कुठले? त्यानं तंबोल्याची थैली घेतली, नव्वद लाकडी आकड्यांची. आधी किल्ले, गुहा, राजपुत्र असे खेळ लिहिले आणि मला अन् मित्रांना खेळायला बसवलं. बाबा पडले त्या आठवड्यानंतर त्यानं किल्ले बाजूला ठेवले आणि मिलचा खेळ लिहिला.

दुपारी चार वाजता, बाबा घरी येऊन पडले की, बाहेरच्या खोलीत आम्ही बसायचो. मी, शेजारचे लखन भिया आणि त्यांच्या खात्यातले दोघं. लखन भिया विणकर, मूळचे देपालपुरकडचे, गव्हाची कापणी आटोपून परतलेले आणि रिकामे. नियम एकच होता: कोणीही स्वतःची भूमिका करायची नाही. लखन भियांना दादानं सेठ केलं.

पहिल्या दिवशी लखन भियांनी सेठ होऊन मिल सुरू केली, सगळ्यांना नोकरीत पक्कं केलं आणि कँटीनमध्ये आमरस ठेवला. आम्ही पोट धरून हसलो. दादा हसला नाही. त्यानं शांतपणे सांगितलं की वीज कापली आहे, सूत उधारीवर मिळत नाही, मुंबईचा व्यापारी फोन उचलत नाही; आता तुम्ही काय करता, सेठजी? तिसऱ्या दिवसापर्यंत लखन भियांचा आवाज बदलला. ते पाठीला उशी घेऊन बसू लागले आणि कामगारांचं नाव निघालं की हात झटकू लागले. खेळ उठल्यावर त्यांनी पाठची उशी बाजूला सारली. मग म्हणाले, "भिया, ये सेठ भी अपने जैसा फँसेला है. पन मेरे को इसपे दया नी आ री."

आतल्या खोलीत बाबा पडून सगळं ऐकत असणार. मधे फक्त पडदा होता. एका रविवारी, रविवारी हजेरी नसे, ते बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले. म्हणाले, मला टाइमकीपर दे. दादानं नियम सांगितला. बाबांनी मान हलवली; नियमावर ते कधी भांडले नाहीत. मग मी कोण, असं विचारलं. दादानं वहीतून एक कागद काढून दिला. कोर्टानं पाठवलेला अधिकारी. मिल बघायची, चौकशी करायची, आणि चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवायचं.

त्या क्षणी मला दादाचा चेहरा दिसला आणि कळलं, हा सगळा खेळ एका माणसासाठी मांडलेला आहे. लखन भिया, मी, तो आमरस, सगळं त्या भिंतीशी बसलेल्या माणसाला इथवर आणण्यासाठी. मला भीती वाटली. असं करावं का, असं मनात आलं; पण करू नये असं म्हणायची हिंमत झाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळचे सात वाजणार होते.

बाबा चार दिवस खेळले. मी आजवर इतका चांगला खेळणारा पाहिला नाही. त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक खात्यात जाऊन विचारलं: माग किती, चालू स्थितीत किती, पट्टे कोणी काढून नेले, बॉयलरची शेवटची तपासणी कधी झाली. लखन भिया सेठाच्या गादीवरून उत्तरं देताना विसरून जात आणि विणकर म्हणून खरं बोलत. बाबा ऐकून घेत. खेळातल्या मिलमध्ये एकेक खातं रिकामं होत गेलं. चौथ्या दिवशी विचारायला काही उरलं नाही. पडद्याला बाहेरून लू धडका देत होती. दादानं विचारलं, "आता तुम्ही काय करता, साहेब?"

बाबांनी हातातल्या कागदाची घडी घातली; मला वाटलं ते उठून जातील. थैलीत हात घालायची गरज नव्हती. हे आकड्यावर सुटणारं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी फाटकाला सील लावतो."

ते उठून आत गेले आणि माठातलं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते घरी होते. आठला होते. आईनं दोनदा चहा केला. दुपारी त्यांनी खिडकीचा टॉवेल स्वतः ओला केला. आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही. नजर मिळाली तर हे मोडेल असं वाटत होतं. दादा त्या दिवशी पहिल्यांदाच बँकेचं पुस्तक उघडून बसला. परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

चूक अशी झाली की लखन भिया चहाच्या ठेल्यावर बोलले. त्यांना अभिमान वाटला होता, बाबूजी काय खेळले म्हणून. त्यांनी सांगितलं, बाबूजींनी सील लावलं. ठेल्यावरच्या माणसाला खेळ माहीत नव्हता. बाबूजी त्या सकाळी फाटकावर आले नव्हते, एवढं मात्र माहीत होतं. दोन गोष्टी जोडायला कितीसा वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या परदेशीपुऱ्यापर्यंत बातमी गेली: टाइमकीपर कंपनीला मिळाला, सही करून बसला.

सकाळी नऊला गल्लीत पंधरा-वीस जण उभे होते. कोणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढे शफी चाचा होते, रंगखात्यातले, सगळ्यांत जुने. त्यांच्या नखांतला निळा रंग सहा महिन्यांतही गेला नव्हता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, प्रवेशपत्र खिशात टाकून निघाला होता. परीक्षा दहाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

शफी चाचांनी आत बघत विचारलं, "बाबूजी, सुना है आपने दस्तखत कर दिए?"

दादा मधे पडला. खेळ होता म्हणाला, कागद आणून दाखवले, लखन भियांना विचारा म्हणाला. लखन भिया मागे मान खाली घालून उभे होते. शफी चाचांनी ते कागद हात लांब करून धरले. त्यांना वाचता येत नव्हतं. मग ते दादाला म्हणाले, "बेटा, हमारी मिल पर खेल बनाया?"

त्यात राग नव्हता. दादानं कागद परत घेतले. पुढे त्यानं हजारो माणसांची उत्तरं लिहिली. त्या प्रश्नाचं त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

बाबा बनियनवर बाहेर आले, लोकांना पाहून परत आत गेले, आणि शर्ट घालून, पेनं लावून, वही घेऊन आले. ओट्यावर उभं राहून म्हणाले, "दस्तखत नहीं किए. पर खेल में सील मैंने ही लगाई. किसी ने लगवाई नहीं." मग त्यांनी वही उघडली. "और कल मैं घर पर था. मेरे नाम के आगे गैरहाज़िरी लगाओ, चाचा."

त्यांनी पेन पुढे केलं. शफी चाचा म्हणाले की आम्हाला लिहिता कुठे येतं. बाबा म्हणाले, एक काट मारायची आहे, तेवढी येते.

शफी चाचा पेन हातात धरून किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्यासमोर होतं, तरी. मग त्यांनी ओट्यावर वही ठेवली, बाबांनी बोट ठेवलेल्या चौकोनात काट मारली आणि तिथेच खाली बसले. पाणी मागितलं. आईनं तांब्या आणला. पाणी पिऊन ते गल्लीकडे बघत म्हणाले, "आज से हाज़िरी यहीं लगेगी, ओटले पे." कोणीतरी पुटपुटलं की कोर्टात फाटक विचारतील. शफी चाचांनी वर बोट केलं. "यहाँ से चिमनी दिखती है ना? बस. धूप में मरे आदमी की बही कौन पढ़ेगा."

असे बाबा वाचले. आईचं विनवणं, डॉक्टरची ताकीद, दादाचा इतक्या मेहनतीनं लिहिलेला खेळ, यांपैकी कशानंही नाही. एका गैरसमजानं आणि एका काटेनं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला कामगार आमच्या ओट्यावर येऊ लागले, सावलीत. कोणी पन्ह्याचा वाटा घेई. लखन भिया आठवडाभर सगळ्यांत शेवटी येऊन नाव सांगत, आणि बाबा त्यांच्या नावापुढे खूण करताना म्हणत, "आइए, सेठजी." ते ऐकलं की लखन भिया कान धरायचे.

आणि त्या सकाळी साडेदहा कधीच वाजून गेले होते. घड्याळाकडे बघणारी मी एकटीच होते. नऊ वीसला, साडेनऊला, पावणेदहाला मी दादाला म्हणू शकले असते, तू जा. मी म्हटलं नाही. तो गेला तर काय होईल या भीतीनं माझी जीभ उचललीच नाही. पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये बिलं लिहीत त्यानं ते वर्ष काढलं, आणि मग मुंबईला गेला. लोक म्हणतात मिलिंदनं बँकेची नोकरी सोडून कलेची वाट धरली. वाट वगैरे काही धरली नव्हती. एक पेपर चुकला होता.

मुंबईत नवी चॅनेलं उघडत होती आणि त्यांना रोज लिहून देणारी माणसं हवी होती. दादाकडे भूमिकांचे कागद करायची सवय होती. चाळीस पात्रांतल्या कोणाला काय हवंय, कोणाला कशाची भीती, हे त्याला विचारल्याबरोबर सांगता यायचं. त्यानं सासवा लिहिल्या, जावा लिहिल्या, हरवलेली मुलं आणि परतलेले नवरे लिहिले. लिहिण्याआधी तो खोलीत फिरत मोठ्यानं विचारायचा, आता तुम्ही काय करता? आणि पात्रानं काही ठरवायच्या आत चॅनेलच्या ऑफिसातून फोन यायचा की शुक्रवारी तिनं घर सोडायचं आहे. पुढे कॉम्प्युटरवरचे खेळ आले तेव्हा तो तिकडे ओढला गेला. मला म्हणाला होता, मालिकेत मला पुढचं माहीत असतं म्हणून ती मला काही सांगत नाही.

मिलवर मात्र त्यानं पुन्हा खेळ लिहिला नाही. एकदाच एका मालिकेत बंद फाटक आलं, आणि त्यापुढे हजेरी घेणारा म्हातारा. वरून निरोप आला की म्हातारा फाटकासमोर कोसळून मरायला हवा. दादानं मला फोन केला. आवाज अगदी बारीक. "सुजू, ते बाबांना मारायला सांगतायत." बाबा तेव्हा शेजारच्या खोलीत आंबा चोखत होते. दादानं तो भाग लिहिला नाही. तो दुसऱ्या कोणी लिहिला आणि मालिकेतून दादाचं नाव गेलं. आम्ही तो भाग बघितला. म्हातारा बराच वेळ, संगीतासह, मेला. बाबा शेवटपर्यंत टक लावून बघत होते. मग म्हणाले, "या माणसाला घरून कोणी कांदा दिला नव्हता का?"

बाबा नंतर दहा वर्षं जगले, आणि घरातच, झोपेत गेले. पण त्या उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस अजून यायचा होता तेव्हा, एका सकाळी हजेरी संपल्यावर मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले होते. मी विचारलं नव्हतं. तेच म्हणाले की अधिकाऱ्याचा कागद दादानं फार आधी लिहिलेला होता. मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, शाईवरून. निळी-काळी शाई लिहिताना निळी असते, दिवस जातात तशी काळी पडते. मागच्या तारखेच्या खोट्या हजेऱ्या ते आयुष्यभर तशाच पकडत आले होते. बाकीचे कागद निळे होते, त्यांचा काळा. "पहिल्याच दिवशी कळलं मला. पोरगं इतके दिवस माझ्यासाठी खपतंय. त्याला नाही कसं म्हणायचं?" थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला सांगू नकोस. आपण केलं असं वाटू दे त्याला."

मी सांगितलं नाही. बाबा असताना त्यांचा शब्द म्हणून, बाबा गेल्यावर सवय म्हणून. आणि दादा समजत राहिला की आपण बाबांकडून त्यांचीच मिल बंद करून घेतली. दर दोन-तीन वर्षांनी तो हे वेगवेगळ्या शब्दांत बोलायचा. लोकांना वाटायचं तो कामाबद्दल बोलतोय.

जानेवारीत तो इथल्या दवाखान्यात होता. सकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. तो म्हणाला, "बाबांचा हात धरून मी ते सील लावलं, सुजू." तेव्हा मी सांगितलं. शाई, कागद, पहिला दिवस, सगळं.

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे ते चार दिवस, माग किती, पट्टे कुठे गेले, हे सगळं मला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हटलं, बघायचं तर त्यांनाही होतं. तू दाखवलंस आणि त्यांनी बघितलं.

तो हसला, त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "असा खेळणारा मला पुन्हा नाही मिळाला." आणि पलंग थोडा वर करायला सांगितला.

डॉक्टरांनी महिना सांगितला होता. त्या सकाळनंतर त्याच्याकडे अकरा दिवस होते. मला वाटायचं, आता तो लिहील. शफी चाचांच्या ज्या प्रश्नापाशी त्याची मिल अडली होती, तिथून तो पुढे जाईल. एखादं पान, दोन ओळी. मी रोज सकाळी पिशवीत डब्याबरोबर कोरे कागद आणि पेन घेऊन जात होते, आणि पिशवी त्याला दिसेल अशी ठेवत होते. त्यानं मागितले नाहीत. मीही विचारलं नाही.